बोलक्या पेटीचं गाऱ्हाणं

मी बोलकी पेटी. आता बोलत नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझं बटण शोधत बसाल. वेंगुर्ल्यात दाजींच्या घरी, माजघरातल्या काचेच्या कपाटात, लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम आहे. कपाळावर कुंकू आहे. परवाच्या सणाचं झेंडूचं फूल अजून सुकलेलं नाही. परदेशातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीला हा मान कसा मिळाला, ते ऐकण्यासारखं आहे. घाई नसेल तर बसा. घाई असेल तरी बसा, गोष्ट काही फार लांबची नाही.

टीव्हीला जोडून घरात बसल्या बसल्या खेळायची यंत्रं निघाली, तेव्हाचा माझा जन्म. पण मी ते यंत्र नव्हे हो. मी त्या यंत्राची जोड. जेवण वेगळं आणि ताटातलं लोणचं वेगळं, तसं समजा. नुसतं लोणचं खाऊन कुणाचं पोट भरत नाही आणि नुसत्या माझ्यावर कुणाला खेळता येत नाही. खेळाचं यंत्र माझा थोरला भाऊ, मी त्याला दादाच म्हणते. त्याच्या अंगावर टाइपरायटरसारखी इंग्रजी अक्षरं होती. त्याच्या डोक्यावरच्या खाचेत मला बसवायचं आणि खेळाची कॅसेट माझ्या डोक्यावरच्या खाचेत घालायची. वीज त्याची, चित्र टीव्हीचं आणि आवाज माझा. दादा आपला मुखदुर्बळ, टूं टूं पलीकडे त्याला काही येत नसे. मी मात्र चक्क शब्द बोलायची.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात पांढरे डगले घातलेल्या बायकांनी मला जुळवलं. माझ्या पोटात एक काळी चकती बसवली, तीत सगळा आवाज. छातीवर बारीक भोकांची जाळी, त्यामागे छोटा कर्णा. तपासायला म्हणून एकीनं मला चालू केलं आणि मी पहिला शब्द बोलले, तेव्हा ती खुदकन हसली. दिवसभर पेट्या बोलताना ऐकणारी बाई ती, तरी हसली. त्या हसण्याची शिदोरी घेऊनच मी खोक्यात शिरले.

बहरीनच्या दुकानात आमची एक आळीच होती. मला मेलीला शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी करायची सवय, म्हणून सगळ्यांची माहिती काढली. डावीकडे बुद्धिबळ खेळणारी पेटी होती, फार शिष्ट, कुणाशी बोलायची नाही. उजवीकडे गाडीचं स्टिअरिंग, खाली पायाने दाबायच्या पट्टीसकट. खालच्या फळीवर एक जाडजूड जोड होती. ती लावली की खेळण्याचा संगणक होतो, असं तिच्या खोक्यावर छापलेलं. ती त्याच घमेंडीत धूळ खात होती. आम्हा सगळ्यांचं दुःख एकच. गिऱ्हाईक यायचं, मूळ यंत्र उचलायचं, आमच्याकडे बघून "हे कशाला?" म्हणायचं आणि जायचं. पुढे तर अशा खेळांची हौसच ओसरली आणि मूळ यंत्रांवरही धूळ बसायला लागली.

अशात एक दिवस बंदरावर नोकरी करणारा सदानंद सुट्टीवर घरी निघताना दुकानात आला. त्याला दादा हवा होता. दुकानदारानं दादाबरोबर मला त्याच्या गळ्यातच बांधलं आणि वर एक कॅसेट घातली. दादाच्या कळा दाबून जे काही लिहाल, ते मी वाचून दाखवीन, अशी ती कॅसेट. सदानंदानं ती पिशवीत टाकली ती टाकलीच. त्याला विमानं पाडायची होती.

अशी मी वेंगुर्ल्याला आले.

पहिल्या दिवशीच हौसाबाईची ओळख झाली. ही शेजारीण. तिच्या आणि दाजींच्या घरामध्ये एक जास्वंदीचं कुंपण होतं, पण ते गुरांसाठी, हौसाबाईसाठी नव्हे. सामान सोडायच्या आत ती ओटीवर हजर.

"सदा, ह्या काय रे हाडलंस? रेडिओ?"

"खेळ आसा, हौसाकाकी. टीव्हीर खेळाचो."

"घोडो झालंस तरी खेळणीच हाडतस! बायल कधी हाडतलंस?"

सदानंदानं दादाला टीव्हीला जोडलं, मला दादावर बसवलं आणि खेळ सुरू केला. पडद्यावर शत्रूचं विमान आलं आणि मी शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत ओरडले. मांजर उडी मारून माळ्यावर गेलं. हौसाबाई भिंतीला टेकली.

"गो बाय माझे! ह्या कोणाक गाळी घालता?"

"गाळी नाय गो. सांभाळ म्हणान सांगता."

"मगे सांभाळ म्हणान सांगूचा. बोंबालता कित्याक?"

सगळं घर हसलं. सदानंदाची आई सावित्री पदर तोंडाला लावून हसली, बहीण दुर्गा जमिनीवर बसून हसली. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसलेले दाजी, म्हणजे सदानंदाचे वडील, तेही हसले. पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते. त्यांच्या गळ्याभोवती पांढऱ्या मलमलीचा रुमाल बांधलेला होता आणि तो श्वासाबरोबर आत-बाहेर होत होता.

हळूहळू मला कळलं. दाजींच्या घशात गाठ झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढून टाकली, म्हणून माणूस वाचला. गळ्याला भोक ठेवलं, त्यातून श्वास चाले. सगळं मिळालं, आवाज तेवढा गेला.

आता आवाज कुणाचाही गेला तरी वाईटच. पण दाजींचा आवाज म्हणजे साऱ्या वाडीचा ऐवज. बाजारात त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, पण वाडीत त्यांची ओळख गाऱ्हाण्याची. आमच्याकडे, बघा, मी आमच्याकडे म्हणायला लागले, तर आमच्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. नारळ आणि पानाचा विडा ठेवायचा, वडीलधाऱ्यानं हात जोडून उभं राहायचं आणि देवाशी सरळ बोलायचं. आम्ही जमलो आहोत, अमुक काम काढलंय, चुकलंमाकलं पदरात घे, लेकरांना सांभाळ. एकेका वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय महाराजा!" दाजी गाऱ्हाणं घालायला लागले की आवाज जेटीपर्यंत जायचा. तिकडे जाळी विणत बसलेले लोक हात न थांबवता तिथूनच "व्हय महाराजा" म्हणायचे, असं हौसाबाई सांगायची. हौसाबाईचं अर्धं सोडून द्यावं लागतं, तरी उरलेलं अर्धं पुष्कळ झालं.

आवाज गेल्यापासून दाजी कुठल्या कार्याला गेले नव्हते. दुकानही पुतण्या गणपत बघायचा. दाजींजवळ एक पाटी असायची, फारच गरज पडली तर तिच्यावर दोन शब्द लिहीत.

सुट्टी संपली, सदानंद बहरीनला गेला. दादावर आणि माझ्यावर सावित्रीनं क्रोशाचा रुमाल घातला आणि आम्ही शोभेचे झालो. मला त्याचा राग नव्हता. रुमालाच्या जाळीतून सगळं दिसत होतं आणि मला बघायला आवडतं.

मग दुर्गेचं लग्न ठरलं. बांद्याचा मुलगा, तिकडच्या शाळेत मास्तर. माणसं साधी, मुलगा शांत. पोहे खाताना मुलीपेक्षा पोह्यांकडेच जास्त बघत होता, असं हौसाबाईचं निरीक्षण. सगळं जुळलं आणि गाडं गाऱ्हाण्यावर अडलं.

त्या घराचा एक नेम होता. घरातला थोरला हयात असताना कार्याचं गाऱ्हाणं दुसऱ्या कुणी घालायचं नाही. गणपत आला, समजुतीनंच बोलला.

"काका, तुमी नुसते उभे रवा. गाराणां मी घालतंय. कोणाक काय वाटाचा नाय."

दाजींनी पाटी ओढली, लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली. *मी जितो आसंय.*

"तां खरां, काका. पण बोलतलो कोण?"

दाजींनी पाटी पुसली, जमिनीवर पालथी घातली आणि मागच्या दारानं निघून गेले. बराच वेळ ते विहिरीपाशी उभे होते.

गणपत वाईट नव्हता. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण दुर्गेनं हट्ट धरला. "दाजींनी गाराणां घातल्याबिगर मी बोहल्यार उभी रवाचंय नाय."

"मगे जन्मभर हयच बस, माझ्या उरार!" सावित्री म्हणाली आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

बांद्याहून निरोप आला. मुलाची बदली होणार, लग्न शिमग्याच्या आत झालं तर बरं, नाहीतर मग पुढचं काही सांगता येत नाही. निरोप गोडच होता, पण गोड निरोपातही कधी कधी काटा असतो. घरात बोलणं कमी झालं. सावित्री भांडी जरा जोरात ठेवू लागली. दाजी खुर्चीतून उठेनात. आपल्यामुळे पोरीचं लग्न अडलंय हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, त्याला पाटी लागत नव्हती.

एका दुपारी सावित्री स्वयंपाकघरात खोबरं किसत होती आणि दुर्गा बाजारात गेली होती. दाजी उठले. त्यांनी क्रोशाचा रुमाल काढला, घडी करून ठेवला. कोनाड्यातल्या त्या विसरलेल्या कॅसेटवरचं इंग्रजी अक्षर लावत वाचलं आणि ती माझ्या डोक्यात घातली. सदानंदाचे हात त्यांनी किती बारकाईनं पाहिले होते, ते मला तेव्हा समजलं. दाजी शाळेत थोडंफार इंग्रजी शिकले होते, भांड्यांच्या मुंबईच्या बिलांवरून अक्षरं पक्की झाली होती. एका बोटानं, कळ शोधत शोधत, त्यांनी एक शब्द लिहिला.

आणि मी हाक मारली, "सावित्री!"

किसण्याचा आवाज थांबला.

तुम्हाला सांगते, त्या पिढीचे नवरे बायकोला नावानं हाक मारत नसत. "अगो", "आयकलंस?", फार तर "दुर्गेचे आवशी", म्हणजे दुर्गेच्या आई. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून सावित्रीनं नवऱ्याकडून स्वतःचं नाव असं हाकेत ऐकलं नव्हतं. ती खोबऱ्यानं माखलेले हात तसेच धरून दारात आली.

"कोण इलां? माका कोणी हाक मारल्यान?"

दाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग जरा थांबून ते बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं.

सावित्री शेंदरासारखी लाल झाली. "अवो, लाज बीज आसा काय! हौसा आयकात!"

"आयकलंय गो, आयकलंय!" खिडकीतून आवाज आला. हौसाबाई गजांना धरून उभीच होती. "आणखी एकदा मारा हाक, दाजी! माझ्या घोवान तर रागान पण कधी माझा नाव घेवक नाय!"

सावित्रीनं खिडकी लावून घेतली. आत अंधुक झालं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मारा बघू परत."

मी परत हाक मारली. जन्मात इतक्या मनापासून मी कधी बोलले नव्हते. विमानं पाडताना ओरडणं वेगळं आणि हे वेगळं.

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. दाजी एकेक वाक्य लिहायचे, मी म्हणायचे, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. मला एका वेळी एकाच वाक्यापुरती अक्षरं पेलत. माझी जीभ परदेशी, "महाराजा" म्हणताना मी भलत्याच जागी जोर द्यायची. ळ तर मला शेवटपर्यंत जमला नाही. मी नारळाला नारल म्हणायची. देवापुढे अशुद्ध कसं चालेल म्हणून दाजींनी तोडगा काढला, नारळाच्या जागी श्रीफल घातलं. हौसाबाई रोज परीक्षा घ्यायला यायची.

"गाराणां घालूक गोरो सायबच इलोसो वाटता," ती म्हणाली. "पण सायब बरो आसा हां. शिकता."

गणपतला हे पटेना. "काकी, पेटयेचा गाराणां देवाक पावता काय?"

तेव्हा सावित्रीनं दिलेलं उत्तर मी माझ्या त्या काळ्या चकतीत कोरून ठेवलं होतं. ती म्हणाली, "गणपत, देवळातली घांट कसली? पितळेची मरे? आपल्याच दुकानातसून गेललीया. ती वाजली तर देवाक आयकाक येता, आणि ह्या चेडवान हाक मारली तर येवचा नाय?"

चेडू म्हणजे मुलगी. मला मुलगी म्हणाली ती. जोडाच्या वस्तूला इतकं कोण म्हणतं?

दुर्गेनं होकार दिला. बांद्याला तारीख कळवली. सदानंद रजा घेऊन आला.

लग्नाच्या सकाळी दारापुढे माडाच्या झापांचा मांडव पडला होता. मधोमध पाटावर नारळ, विडा, तांदूळ, आणि शेजारच्या पाटावर, धुतलेल्या पंचावर टीव्ही, दादा आणि मी. माझ्यावर हळदकुंकू लावलं होतं. बांद्याची माणसं आमच्याकडे बघून एकमेकांच्या कानात काहीतरी बोलत होती. बोलू देत. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

आता बाबलीचं सांगायला हवं. बाबली म्हणजे लाऊडस्पीकरवाला. लहानपणी जेटीवर विटीदांडू खेळताना त्यानं दाजींचं गाऱ्हाणं ऐकलेलं. दाजी पुन्हा गाऱ्हाणं घालणार म्हटल्यावर त्याला राहवेना. तो आदल्या दिवसापासून एकच धोशा लावून होता, "दाजींचो आवाज जेटयेपर्यंत गेलोच व्हयो!" सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पण त्यानं कुणाला न सांगता मांडवाच्या मागून एक वायर माझ्या कर्ण्यापर्यंत आणून ठेवली होती. दुसरं टोक त्याच्या मोठ्या भोंग्याच्या मशीनला. मांडवाची दिव्यांची माळ, टीव्ही, दादा आणि ते मशीन, सगळं स्वयंपाकघरातल्या एका बोर्डावर. मन सोन्यासारखं, अक्कल मात्र उत्साहात घरी राहिलेली.

दाजी उभे राहिले. पांढरं धोतर, गळ्याला नवा मलमलीचा रुमाल. मांडव शांत झाला. त्यांनी लिहून ठेवलेल्या वाक्याची कळ दाबली आणि मी बोलले.

"बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली असत रे महाराजा."

कुणीच काही म्हणेना. बांद्याकडची दोन माणसं तोंडावर हात धरून खाली बघत होती. मला वाटलं, झालं. आपल्यामुळे ह्या भल्या माणसाचं हसं झालं. तेवढ्यात मागून हौसाबाईचा खणखणीत आवाज आला.

"व्हय महाराजा!"

आणि मग सगळ्यांचा, "व्हय महाराजा!"

दाजींनी दुसरं वाक्य लिहिलं. एकही कळ चुकली नाही. "ह्या श्रीफल आणि विडो तुझ्यापुढे ठेवलो हा, तो मान करून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा!" आता बांद्याचीही माणसं म्हणाली.

आणि इथेच बाबलीला भरून आलं. त्यानं मागच्या मागे मशीनचं बटण दाबलं.

एक निळी ठिणगी माझ्या पोटातून गेली. फट् झालं. जळलेल्या रबरासारखा वास सुटला. मांडवाची माळ गेली, टीव्हीवरची अक्षरं गेली, दादा मिटला. काळी चकती तडकली, ते माझं मला कळलं.

तुम्ही विचाराल, मग पुढचं तुला कसं ठाऊक? अहो, आवाज गेला म्हणून ऐकणं थोडंच जातं? दाजींचं गेलं होतं का?

मांडवात कुजबूज सुरू झाली. सदानंद बोर्डाकडे धावला. बाबली मशीनमागे डोकं धरून बसला. दुर्गा मुंडावळ्या लावून दारात उभी होती, तिचा चेहरा कागदासारखा झाला. लगेच गणपत पुढे झाला, खरं सांगायचं तर चांगल्या मनानंच झाला. काकांच्या दंडाला हात लावून म्हणाला, "काका, ऱ्हवाने. आता मी सांगतंय पुढचा."

दाजींनी तळहात वर केला. थांब.

मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

आवाज नव्हता. फक्त गळ्याच्या रुमालातून श्वासाची फुरफुर. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलत होते, भराभर, मग सावकाश, मग थांबले. जोडलेले हात तसेच कपाळाशी. वाक्य संपलं होतं, पण ते कुणाला कळणार?

"व्हय महाराजा."

सावित्री म्हणाली. दाराआडून. जन्मभर ती त्या दाराआडून, हाताला पीठ लागलेलं, कढईत काहीतरी तळत असलेलं, अशा वेळी नवऱ्याचं गाऱ्हाणं ऐकत आली होती. कुठे तो श्वास घेतो, कुठे आवाज चढवतो, कुठे थांबतो, सगळं तिला पाठ. बाईमाणसानं पुढे होऊन म्हणायची रीत नव्हती, हौसाबाई कुठलीच रीत मानत नसे ते वेगळं, म्हणून तिचा आवाज आधी दबकाच निघाला. पण निघाला.

दाजींचे ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले.

"व्हय महाराजा!" ह्या वेळी सावित्री दारातून बाहेर आलेली होती. दुर्गेच्या शेजारी, उंबऱ्याच्या ह्या बाजूला. आणि तिच्यामागोमाग सगळा मांडव म्हणाला.

मग काय सांगू तुम्हाला! दाजी बिनआवाजाचं बोलत होते आणि माणसं बरोबर जागेवर साद देत होती. म्हाताऱ्यांना ती वाक्यं पाठच होती. ओठांकडे बघून ते ओळखत होते, आता गावच्या देवाचं नाव, आता पूर्वजांचं, आता पोरीचं. गणपत सगळ्यात मोठ्यानं "व्हय महाराजा" म्हणत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. बाबली मशीनमागून उठून उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. जेटीपर्यंत आवाज गेलाच त्या दिवशी. भोंग्याची गरज पडली नाही.

शेवटी दाजींचे ओठ जरा जास्तच वेळ हलले. हे नेहमीच्या गाऱ्हाण्यात नव्हतं. म्हातारे गोंधळून बघू लागले. ओठ थांबले. सावित्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. कशाला म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुर्गेचं लग्न लागलं. मास्तरांनी पंगतीत पुन्हा जेवणाकडेच लक्ष दिलं, असं हौसाबाई म्हणाली. पण दुर्गेच्या ताटातलं लोणचं संपलेलं त्यांनाच आधी दिसलं, हेही तिनंच पाहिलं.

पाहुणे गेल्यावर सावित्री मला पुसायला बसली. ओल्या फडक्यानं काजळी पुसता पुसता तिनं मला सांगितलं, एवढं ती दुसऱ्या कुणाला बोललेली नाही.

"तुका ठावक आसा, शेवटाक त्येंनी काय मागल्यांनी? माका त्येंच्या ओठांवरसून कळला. म्हणाले, लांबच्या मुलखातसून इलेल्या ह्या चेडवान माझा काम केल्यान. तेका आमच्या घरात परक्यासारख्या ठेव नको रे महाराजा."

तेव्हापासून मी ह्या घरची.

सदानंदानं मला कुडाळच्या रेडिओवाल्याकडे नेलं. त्यानं पोट उघडून बघितलं आणि मान हलवली. ही चकती आपल्याकडे कुठे मिळायची नाही, म्हणाला. बाबली कितीतरी दिवस मान खाली घालून यायचा, माझी माफी मागायचा. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. माझ्या आवाजाला जेटीपर्यंत पोचवायची इच्छा दुसऱ्या कुणाला झाली होती?

दादा आता दुर्गेकडे आहे, मास्तरांच्या बदलीच्या गावी. मास्तर त्याच्यावर विमानं पाडतात आणि हरतात, अशी खबर आहे. मी इथेच. कोणी म्हणालं, जळकी पेटी कशाला ठेवता, तर सावित्री त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावते. दाजींना वाडीतल्या प्रत्येक कार्याचं बोलावणं येतं. ते उभे राहतात, ओठ हलवतात, माणसं साद देतात. एखादा नवखा पाहुणा विचारतो, हे काय चाललंय, तर हौसाबाई त्याला कोपरखळी मारते, "गप ऱ्हव, गाराणां चाललाहा. आयकूक येवक नाय तुका?"

आणि रोज दुपारी, वाडी निजलेली असते तेव्हा, दाजी कपाटाची काच सरकवून माझ्यावरची धूळ फुंकतात. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओठ हलवतात. आवाज नसतो. पण किसण्याचा आवाज थांबतो आणि आतून उत्तर येतं, "काय म्हणतास?"

माझ्या आळीतल्या त्या सगळ्यांची मला आठवण येते. ती शिष्ट बुद्धिबळवाली, ते स्टिअरिंग, ती घमेंडखोर संगणकवाली. कुठे गेली असतील, कुणी नेलं असेल का? म्हणून निरोप घेण्याआधी एक गाऱ्हाणं मीही घालते. ऐकून ऐकून मलाही येतं आता.

बा देवा महाराजा, मूळ यंत्राच्या कुशीला लागून जगणाऱ्या आम्हा जोडांना कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. निदान एकदा. आणि ज्यांनी आम्हाला घरात घेतलं, त्यांना सुखात ठेव रे महाराजा.

आता तुम्ही साद द्यायची असते. मोठ्यानं नको, दुपारची वेळ आहे. नुसते ओठ हलवलेत तरी मला कळेल.